जुन्या स्टिरिओला आयपॉड जोडायचाय, पण मागे पाच भोकांची गोल सॉकेटं आहेत

अनुस्वार | शनिवार, सकाळी १०:१२

मंडळी, मदत हवी आहे.

आमच्याकडे अप्पांचा, म्हणजे सासऱ्यांचा, १९८० च्या आसपासचा स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर आहे. लाकडी खोकं, पुढे अ‍ॅल्युमिनियमची पट्टी आणि दोन भलेमोठे स्पीकर, ज्यांच्यावर गेली कित्येक वर्षं कुंड्या ठेवल्या जात होत्या. रेकॉर्ड प्लेअर केव्हाच कुणाला तरी देऊन टाकला. कॅसेट डेक आहे, पण त्याचा रबरी पट्टा तुटलाय. अ‍ॅम्प चालू केला की दिवा लागतो.

दिरांनी अमेरिकेहून येताना त्यांचा जुना आयपॉड क्लासिक अप्पांना दिला, १६० जीबीवाला. त्यात सीड्यांवरून भरलेले भीमसेन, कुमार, किशोरीताई, माणिक वर्मा सगळे आहेत. अप्पांना कानात बोंडं घालून ऐकणं जमत नाही. "माझ्या स्पीकरवर लाव," एवढंच मागणं आहे.

अडचण अशी की मागे लाल-पांढरी आरसीए सॉकेटं नाहीतच. चार गोल सॉकेटं आहेत, प्रत्येकात अर्धवर्तुळात पाच भोकं. खाली लिहिलंय: 'टेप', 'ट्यूनर', 'पी.यू. मॅग', 'पी.यू. क्रिस्ट'. स्पीकरची सॉकेटं वेगळीच आहेत, त्यात एक भोक गोल आणि एक चपटं. आयपॉडच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून नक्की कुठे घालायची? कोपऱ्यावरचा दुकानदार म्हणतो, "ताई, भंगारात द्या, साउंडबार घ्या."

चहाटळ | शनिवार, सकाळी १०:३०

साउंडबारवर कुंड्या राहतील का, ते आधी विचारून घ्या.

सोल्डरकाका | शनिवार, सकाळी ११:०५

अनुस्वारताई, भंगारात अजिबात देऊ नका. काम सोपं आहे, फक्त क्रम चुकवू नका. आयपॉड कुठे जोडायचा हे नंतर बघू. आधी सांगा, अ‍ॅम्पमधून शेवटचा आवाज कधी निघाला? दिवा लागतो म्हणजे ट्रान्सफॉर्मर जिवंत आहे, एवढंच. आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वर्षानुवर्षं वीज न मिळाल्याने मरगळतात. अशा सेटला एकदम २३० व्होल्ट दिले की कधीकधी जुना कपॅसिटर फुटतो आणि जाताना आउटपुट ट्रान्झिस्टरही घेऊन जातो.

म्हणून सिरीज बल्ब. दुरुस्ती करणाऱ्या प्रत्येकाच्या टेबलावर हा असतो: फिलामेंटचा १०० वॅटचा पिवळा बल्ब फेजच्या वायरमध्ये ओळीने जोडलेला. एलईडी चालत नाही, तारेचाच हवा. अ‍ॅम्प चालू केल्यावर बल्ब क्षणभर उजळून मंद झाला, तर ठीक. उजळलेलाच राहिला, तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. घरी जमत नसेल तर वायरमनला सांगा, पाच मिनिटांचं काम आहे. या चाचणीला स्पीकर काढून ठेवा.

आणि स्पीकरच्या सॉकेटात आयपॉड घालू नका. हे सांगावं लागतं, लोक घालतात.

ब्लूटूथ_बंड्या | शनिवार, सकाळी ११:२२

एवढा खटाटोप कशाला? ब्लूटूथ रिसीव्हर घ्या, मागे लावा, मोबाईलवरून वाजवा. २०२५ मध्ये वायरी कोण ओढतं?

तपकीरगल्ली | शनिवार, सकाळी ११:४०

@बंड्या, रिसीव्हर 'मागे लावा' म्हणजे कुठे? त्याच पाच भोकांत ना? म्हणजे प्रश्न जिथल्या तिथे. शिवाय आयपॉड क्लासिकमध्ये ब्लूटूथ नाहीच. कंपनीने २०१४ मध्ये तो बंद केला तोवर कधी घातलंच नाही. गाणी आयपॉडात आहेत आणि आजोबांना चाकावर बोट फिरवून गाणं लावता येतं. त्यांच्या हातात मोबाईल देऊन कुठलं सुख मिळणार आहे?

एल्बेकाठी | शनिवार, दुपारी ४:१८

हॅम्बुर्गहून लिहितोय. ही सॉकेटं इथल्या रविवारच्या जुन्या बाजारात पैशाला पासरी दिसतात, कारण ती मूळची इथलीच. जर्मन मानक संस्थेचं नाव डीआयएन, त्यावरूनच या सॉकेटला डीआयएन म्हणतात. १९६० ते ८० च्या दशकांत ग्रुंडिग, टेलिफुंकन, फिलिप्स अशा युरोपियन कंपन्यांच्या सेटवर हीच असायची. जपानी सेट आरसीए घेऊन आले आणि हळूहळू सगळीकडे तेच झालं. आपल्याकडे त्या काळी युरोपियन धाटणीवर बनलेल्या बऱ्याच सेटवर डीआयएनच आहे.

आता मुद्द्याचं. पाच पिनांचे क्रमांक १-२-३-४-५ असे सरळ नसतात. अर्धवर्तुळात एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेलात तर क्रम १, ४, २, ५, ३ असा लागतो. मधली पिन २ म्हणजे ग्राउंड, वायरीची जाळी तिथे. एका बाजूच्या दोन पिना ३ आणि ५: ३ डावा, ५ उजवा. अ‍ॅम्पच्या सॉकेटात आवाज आत जातो तो या दोन पिनांतून. दुसऱ्या बाजूच्या १ आणि ४ मधून आवाज बाहेर येतो, टेपवर रेकॉर्ड करण्यासाठी. या १ आणि ४ फक्त 'टेप' सॉकेटात कामाच्या असतात.

म्हणजे तुम्हाला हवी ती वायर अशी: एका टोकाला ३.५ मिमीचा स्टिरिओ जॅक, दुसऱ्या टोकाला पाच पिनांचा डीआयएन प्लग. टोक → पिन ३, मधला कडा → पिन ५, मुळाशी असलेला भाग → पिन २. प्लगच्या आत पिनांजवळ बारीक अक्षरांत क्रमांक कोरलेले असतात, भिंग घेऊन बघा. समजा चुकून १-४ ला डाख लागला, तरी काही जळत नाही. फक्त आवाज येणार नाही, किंवा कुठून तरी लांबून आल्यासारखा येईल.

तपकीरगल्ली | शनिवार, सायं. ५:०२

एल्बेकाठी यांना दंडवत. एक भर घालतो, कारण मी हे दुकानात रोज बघतो. तुम्ही 'पाच पिनची गोल वायर' मागितलीत तर दुकानदार हमखास वाजवायच्या कीबोर्डची मिडी केबल काढून देईल. प्लग तोच, बसतेही मस्त. पण मिडीला सिग्नलसाठी ४ आणि ५ एवढ्याच पिना लागतात, २ वर जाळी. बऱ्याच मिडी केबलमध्ये १ आणि ३ ला वायरच नसते. ती कापून आयपॉडला जोडलीत तर एकच बाजू वाजेल, आणि मग लोक अ‍ॅम्पला नावं ठेवतात.

तयार 'डीआयएन ते आरसीए' वायर घेतानाही बघा. चार आरसीए शेपट्या असलेली असेल तर दोन आत जाणाऱ्या, दोन बाहेर येणाऱ्या. जी जोडी वाजेल ती आपली. दोनच शेपट्या असतील तर त्या ३-५ ला आहेत की १-४ ला, ते मीटरने तपासून घ्या. पिना पूर्ण अर्धवर्तुळात पसरलेल्या हव्यात. पाच पिनांचाच, पण घोड्याच्या नालेसारखा जास्त वळलेला एक प्लगही मिळतो. तो वेगळा, या सॉकेटात बसत नाही, बसवायला जोर लावू नका.

डाख लावणार असाल तर सुटा प्लग घ्या, चहा-वड्याच्या पैशात मिळतो. पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला.

अनुस्वार | शनिवार, रात्री ९:१५

बाप रे, एका दिवसात एवढं! सगळ्यांचे आभार. समोरच्या वायरमनकाकांकडून सिरीज बल्ब लावून घेतला. बल्ब उजळला आणि मग अगदी मंद झाला. स्पीकर लावल्यावर हलकी घूं ऐकू येते, बाकी शांत.

मग चारपैकी कुठल्या सॉकेटात? 'पी.यू.' म्हणजे काय? अप्पा म्हणतात रेकॉर्ड प्लेअर त्यातच लावायचे, म्हणून आयपॉडही तिथेच लावावा.

सोल्डरकाका | शनिवार, रात्री ९:५०

पी.यू. म्हणजे पिकअप. अप्पांचं बरोबर आहे, पण ते रेकॉर्डपुरतं. आयपॉड 'पी.यू. मॅग' मध्ये नको. का, ते सविस्तर सांगतो, कारण निम्मे लोक इथेच गडबडतात.

रेकॉर्ड प्लेअरची सुई ज्या डबीत बसते ती कार्ट्रिज. चुंबकी कार्ट्रिजमधून जेमतेम ३ ते ५ मिलिव्होल्ट निघतात. म्हणून 'मॅग'च्या मागे एक जास्तीचा वर्धक असतो. आयपॉडच्या हेडफोनच्या भोकातून त्याच्या शंभरपट वगैरे येतं. तो वर्धक एवढ्याने गुदमरतो, आवाज फाटतो. हे झालं एक. दुसरं म्हणजे रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम दाबलेला आणि तार स्वर चढवलेले असतात, नाहीतर खाच रुंद होऊन रेकॉर्डवर गाणी कमी मावतील आणि वर सुईची खरखर ऐकू येईल. वाजवताना 'मॅग' सॉकेट हेच उलटं करतो: १००० हर्ट्झच्या तुलनेत २० हर्ट्झला साधारण दहापट वाढ, २० हजार हर्ट्झला दहापट घट. हा आरआयएए नावाचा नियम १९५४ पासूनचा. आयपॉडवरचं गाणं आधीच सरळ केलेलं असतं. ते इथे घातलं की तबला ढब्ब आणि गाणारा रजईत.

'क्रिस्ट' म्हणजे क्रिस्टल किंवा सिरॅमिक कार्ट्रिज. त्यातून शेकडो मिलिव्होल्ट येतात, त्यामुळे तिथे आयपॉड लावला तर नुकसान नाही. तरी पहिली पसंती 'ट्यूनर', मग 'टेप'. ट्यूनरची वाट सर्वांत सरळ, मधे काही लुडबुड नाही. 'टेप' घेतलंत तर पुढच्या पट्टीवर 'मॉनिटर' किंवा 'टेप' असं बटण असेल ते दाबावं लागेल, नाहीतर आवाज न आल्याने वायर खराब समजून बसाल.

जुन्या अ‍ॅम्पना पूर्ण आवाजासाठी साधारण २०० ते ३०० मिलिव्होल्ट पुरतात, तेव्हा आयपॉडचा आवाज पूर्ण ठेवायची गरज नाही. तीन चतुर्थांशावर ठेवा आणि बाकीचं अ‍ॅम्पच्या बटणावर. आयपॉडचं इक्वलायझर बंद. उगीच खर्ज वाढवणारी सेटिंग चालू असेल तर लोक स्पीकरला दोष देत बसतात.

एल्बेकाठी | रविवार, दुपारी १:३०

सोल्डरकाकांशी सहमत, फक्त एक सुधारणा सुचवतो. हेडफोनच्या भोकाचा नाद सोडा. आयपॉड क्लासिकच्या खाली जे ३० पिनांचं चपटं भोक आहे, त्यात लाइन-आउट असतो. तिथून निघणारा आवाज आयपॉडच्या व्हॉल्यूममधून जात नाही, हेडफोन वाजवणारा आतला छोटा वर्धकही टळतो. ३० पिन ते ३.५ मिमी अशी छोटी वायर किंवा डॉक मिळतो, ऑनलाइन अजून आहेत. डॉकची गंमत म्हणजे आजोबांना दरवेळी जॅक खुपसावा लागणार नाही. आयपॉड खाली ठेवला की जोडला गेला. हेडफोनचं भोक वर्षानुवर्षं खुपसून ढिलं होतं आणि मग एक बाजू येते-जाते. ते टाळायचं असेल तर डॉकच बरा.

ब्लूटूथ_बंड्या | रविवार, दुपारी २:०५

बरं, मग फोनचं सांगा. माझ्या फोनला हेडफोनचं भोकच नाही. २०१६ मध्ये आयफोन ७ ने काढलं आणि मग सगळ्यांनीच. आमच्यासारख्यांनी ब्लूटूथ नाही वापरायचं तर काय वापरायचं?

तपकीरगल्ली | रविवार, दुपारी २:४०

वापरा की, कोणी अडवलंय. यूएसबी-सीचा छोटा डोंगल घेतलात तर वायरीने भागतं. डोंगल दोन जातींचे. एकात आवाजाचं आकड्यांतून लहरीत रूपांतर करणारी चिप असते, दुसऱ्यात नुसत्या तारा. नुसत्या तारांचा डोंगल फोनने आधार दिला तरच चालतो. चिपवाला घ्या, तो बहुतेक सगळीकडे चालतो.

ब्लूटूथचा मला राग नाही. त्यातला एसबीसी कोडेक, म्हणजे आवाज आटोपशीर करून पाठवायची पद्धत, वरच्या सेटिंगला सेकंदाला ३२८ किलोबिट पाठवतो, जुन्या स्पीकरवर तेवढ्यात फरक शोधायला कान टवकारावे लागतील. त्रास असतो तो स्वस्त रिसीव्हर आणि त्याच्या स्वस्त चार्जरचा. गाणं थांबलं की मागे 'चिर्रर्र' ऐकू येतं. रिसीव्हर पॉवर बँकवर लावून बघा. आवाज गेला तर दोष चार्जरचा.

गिरगावकर_मूळचा | रविवार, सायं. ६:१२

धागा वाचनखूण म्हणून साठवला. एक उपप्रश्न: आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ आहे, लाकडी, हिरव्या डोळ्याचा. मागे दोन भोकं आणि ग्रामोफोनचं चित्र. त्यात मोबाईल जोडला तर?

सोल्डरकाका | रविवार, सायं. ६:२०

थांबा. आधी हे वाचा.

त्या काळचे काही रेडिओ एसी आणि डीसी दोन्हींवर चालायचे. त्यांत ट्रान्सफॉर्मर नसतो. मेन्सची एक तार थेट आतल्या धातूच्या सांगाड्याला जोडलेली असते. प्लग उलटा बसला तर सांगाड्यावर २३० व्होल्ट. ग्रामोफोनच्या भोकातली एक बाजू त्याच सांगाड्याला. तुम्ही मोबाईल जोडलात तर मोबाईलच्या धातूच्या कडेवर आणि हेडफोनच्या जॅकवर थेट मेन्स येईल. यात माणसं मेली आहेत.

ओळखायचं कसं? मागच्या पुठ्ठ्यावर 'एसी/डीसी' लिहिलेलं असेल, किंवा व्हॉल्व्हची नावं 'यू'पासून सुरू होत असतील, म्हणजे यूसीएल ८२, यूवाय ८५ अशी, तर तो जवळजवळ नक्की बिनट्रान्सफॉर्मरचा. नावं 'ई'पासून सुरू असतील, ईएल ८४ वगैरे, तर बहुधा ट्रान्सफॉर्मर असतो. तरी 'बहुधा'वर जीव टांगू नका. व्हॉल्व्हचं काम येणाऱ्या माणसाने उघडून बघितल्याशिवाय त्या भोकांत काहीही घालायचं नाही. ब्लूटूथ रिसीव्हरही नाही. अनुस्वारताईंच्या अ‍ॅम्पची गोष्ट वेगळी, तो ट्रान्झिस्टरचा आणि ट्रान्सफॉर्मरवाला आहे.

गिरगावकर_मूळचा | रविवार, सायं. ६:३१

उघडून नाही, पण जाळीतून टॉर्च मारून बघितलं. यूसीएच, यूबीएफ, यूएल. आता तो नुसताच शोभेला.

वरणभात | रविवार, रात्री ८:४०

आणि टू-इन-वनला? आईच्या टू-इन-वनला मागे काहीच भोक नाही, फक्त 'माइक' आणि 'इअर'.

तपकीरगल्ली | रविवार, रात्री ९:१०

कॅसेट अ‍ॅडॉप्टर घ्या. गाडीत वापरायचे ते, कॅसेटच्या आकाराचं खोकं आणि वायर. त्यात एक छोटं हेड असतं, ते टू-इन-वनच्या हेडला चिकटून चुंबकीय लहर थेट देतं. चाकं फिरताना कुरकुर येते, पण आवाज बरा असतो. 'माइक'ला थेट लावू नका, ते मिलिव्होल्टवालं आहे. लावायचंच असेल तर मधे १०० किलोओहमचा रोध आणि माइकच्या बाजूला ग्राउंडकडे १ किलोओहमचा, म्हणजे सिग्नल शंभरावा भाग होतो. टू-इन-वन मोनो असेल तर डावी-उजवी वायर पिळून एकत्र करू नका, प्लेअरचे दोन्ही वर्धक एकमेकांशी भांडतील. प्रत्येकीत १ किलोओहम टाका आणि मग जोडा.

अनुस्वार | पुढचा शनिवार, दुपारी १२:०५

अपडेट. डॉक आला, डीआयएन प्लगला वायरमनकाकांनी डाख लावून दिला, 'ट्यूनर'मध्ये घातला. वाजतंय! अप्पांनी पहिला लावला तो भीमसेनांचा तोडी. आणि लगेच भुवया वर. म्हणतात तंबोऱ्यात कोणीतरी बेसूर घुसलंय. मला तर छान वाटतंय. हलकी घूं आहे, पण ती तंबोऱ्यात मिसळून जाते.

मंद्रसप्तक | शनिवार, दुपारी १२:४०

अप्पांच्या कानाला नमस्कार. ती घूं मिसळत नाही, टोचते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, आणि रेक्टिफायरनंतर राहणारी लहर त्याच्या दुप्पट, १०० हर्ट्झ. आता सफेद एकचा षड्ज घ्या, साधारण १३१ हर्ट्झ. त्याचा मंद्र पंचम ९८ च्या जवळपास. म्हणजे अ‍ॅम्प सतत थोडा चढा पंचम लावून बसलाय, आणि तंबोऱ्याच्या पंचमाशी सेकंदाला दोनेक ठोके पडतायत. काळी एक किंवा काळी दोनच्या गायकाला तो पंचमाच्या खाली पडेल, मग वेगळी गंमत. पट्टी बदलली की कुठला स्वर बिघडतो ते बदलेल, घूं जागची हलणार नाही.

अप्पांना विचारा, घूं एका सप्तकाने खाली आहे का? खालची असेल तर ५० ची.

सोल्डरकाका | शनिवार, दुपारी १:१५

मंद्रसप्तक, हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. मी ऑसिलोस्कोप लावतो, तुम्ही तंबोरा लावा.

ताई, हे ओळीने करून सांगा.

व्हॉल्यूमचं बटण शून्यावर न्या. घूं तशीच राहिली तर ती व्हॉल्यूमच्या पुढची, म्हणजे पॉवर सप्लायची. कमी झाली तर वायरीतून किंवा आयपॉडकडून येतेय.

आयपॉडचा चार्जर काढा. चार्जर काढल्यावर गेली तर चार्जरचा विद्युतगळ. ऐकताना चार्जिंग नको, किंवा मधे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवाला छोटा डबा लावा, गाडीच्या स्टिरिओसाठी मिळतो तोच.

डीआयएन प्लग उपसून बघा. उपसल्यावर गेली, आणि प्लग लावलेला असताना धातूला बोट लावलं की कमी होते, असं असेल तर पिन २ चा डाख कच्चा आहे. जाळी सुटलेली वायर अँटेनाचं काम करते, तेव्हा येते ती ५० वाली.

अनुस्वार | शनिवार, सायं. ५:३०

व्हॉल्यूम शून्यावर नेऊनही तेवढीच. चार्जर काढून, प्लग काढूनही तशीच. अप्पा म्हणाले, "पंचमाच्या जवळची, खालच्या सप्तकातली नाही." हार्मोनियम काढून दाखवलंसुद्धा.

सोल्डरकाका | शनिवार, सायं. ५:४८

मग निदान झालं. आयपॉड, वायर, डॉक सगळे निर्दोष. मुख्य फिल्टर कपॅसिटर थकलेत, दोन मोठे नळकांडे असतील. बदलताना मायक्रोफॅरड तेवढेच किंवा थोडे जास्त, व्होल्टचं रेटिंग मूळ एवढं किंवा वरचं, खालचं कधीच नाही. अधिक-उणं उलटं केलं तर फुटतो. आणि बंद अ‍ॅम्पमध्येही त्यांत वीज साठलेली असते, रोध लावून उतरवल्याशिवाय बोट घालायचं नाही. हे घरी नको. ग्रँट रोडला उतरा, लॅमिंग्टन रोडला जुने अ‍ॅम्प दुरुस्त करणारे अजून आहेत. जाताना खोकं अंगावर घेऊन लोकलच्या गर्दीत शिरू नका, दुपारची वेळ बघा.

तिथेच सिलेक्टर आणि व्हॉल्यूम साफ करून घ्या. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून बटण भरपूर वेळा फिरवायचं. दारावर मारायचा गंज सुटायचा स्प्रे व्हॉल्यूमवर मारू देऊ नका.

चहाटळ | शनिवार, सायं. ६:०२

अप्पांना दुरुस्तीवाल्याकडे न्या, मीटरची गरज पडणार नाही.

अनुस्वार | पुढचा सोमवार, रात्री ८:२०

कपॅसिटर बदलले, सिलेक्टर साफ केला. घूं गेली. आधी जाणवलं नव्हतं, पण उजवा स्पीकर अर्धाच वाजत होता, तोही सिलेक्टरच्या गंजामुळे. आता दोन्ही बरोबर. दुरुस्तीवाला म्हणाला स्पीकरच्या कडेचं रबर चांगलं आहे, फोम असता तर झडून गेला असता. कुंड्या गॅलरीत गेल्या.

आता अप्पांचं नवं काढलंय. आकाशवाणीवरून टेप केलेल्या त्यांच्या कॅसेट आहेत, संगीत सभा, नाट्यसंगीत. डेकला नवा पट्टा मिळाला. त्या कॅसेट आता आयपॉडात हव्यात! 'टेप' सॉकेटच्या १ आणि ४ मधून आवाज बाहेर येतो असं वर लिहिलंय, तिथून लॅपटॉपला नेता येईल?

एल्बेकाठी | सोमवार, रात्री ११:०५

येतं, पण तिथून नेऊ नका. डीआयएनची १ आणि ४ ही फार अशक्त वाट आहे. अ‍ॅम्पच्या आत मोठा रोध घालून ती काढलेली असते, पुढच्या यंत्राच्या हजार ओहममागे साधारण एक मिलिव्होल्ट असा हिशोब. लॅपटॉपच्या साउंडकार्डला ४७ किलोओहम धरले तर पन्नासेक मिलिव्होल्ट मिळतील, आणि वायर लांब झाली की तिच्या कपॅसिटन्समध्ये तार स्वर गळतील.

त्यापेक्षा कॅसेट डेकच्याच मागे बघा. तिथल्या डीआयएनमध्ये ३ आणि ५ या बाहेर येणाऱ्या पिना असतात, डेकच्या बाजूने. तिथून थेट यूएसबी साउंडकार्डच्या लाइन-इनमध्ये. बहुतेक लॅपटॉपला लाइन-इन नसतो, असतो तो माइक, आणि तोही मोनो. म्हणून लाइन-इन असलेलं बाहेरचं कार्ड घ्या. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर ऑडॅसिटी फुकट आहे. रेकॉर्डिंगची पातळी जोरात तानेलाही लाल पट्ट्यात जाणार नाही एवढी ठेवा, सॅम्पल रेट ४४.१ किलोहर्ट्झ. डॉल्बीचं, म्हणजे टेपची खरखर कमी करणारं, बटण कॅसेट रेकॉर्ड करताना जसं होतं तसंच ठेवा.

सोल्डरकाका | सोमवार, रात्री ११:१९

आणि पहिल्या कॅसेटआधी हेड साफ करा, कापूस आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल. रबरी पिंच रोलरही. ज्या कॅसेटला बुरशी दिसेल ती डेकमध्ये घालू नका, आधी वेगळ्या ठेवा. त्यांचा नवा धागा काढा, मी येतो.